हँडब्रेक उघडून पाहिला तेव्हा

चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसाला ब्रेकचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. तरीही हँडब्रेकबद्दल मात्र आमच्या भागात मोठी उदासीनता दिसते. उतारावर गाडी लावायची, पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि चाकाला दगड लावून निघून जायचे, ही रीत इतकी रुळली आहे की हँडब्रेक धरत नाही ही तक्रार बहुतेक मालक सर्व्हिसिंगच्या यादीत सांगतही नाहीत.

२०२३ च्या पावसाळ्याआधी माझ्या गॅरेजमध्ये आलेल्या एका जुन्या एसयूव्हीची तक्रारही अशीच, दुसऱ्या निमित्ताने कळली. गाडीची नोंदणी २००८ सालची होती. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यामुळे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तिची तपासणी व्हायची होती आणि त्या तपासणीत हँडब्रेक पाहिला जाणार होता. मालक निवृत्त शिक्षक असून सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. हँडब्रेकचा दांडा अगदी शेवटापर्यंत वर येत होता आणि तरी गॅरेजसमोरच्या साध्या चढावर गाडी मागे सरकत होती.

"केबल थोडी ताणून द्या, मागच्या वेळीही तेवढ्यानेच काम झाले होते," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, ताणायला आता आटेच शिल्लक नाहीत," मी त्यांना नट दाखवत म्हटले. "मागची चाके उघडल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही."

केबल ताणणे हा हँडब्रेकवरचा सर्वांत सोपा उपाय आहे आणि माझ्या मते सर्वांत घातकही. ब्रेकच्या शूवरचा घर्षणाचा थर, म्हणजे लायनर, झिजल्यामुळे किंवा शूमधले अंतर जुळवणारा आतला अॅडजस्टर जाम झाल्यामुळे जी पोकळी वाढते, ती केबल ताणून तेवढ्यापुरती झाकली जाते. दांडा पुन्हा खाली लागू लागतो आणि मालकाचे समाधान होते. मात्र आतले शू आपल्या मूळ जागी परत जात नाहीत आणि खरा दोष कोणाच्याही नजरेस पडत नाही.

या गाडीच्या रचनेत तो दोष लपून राहण्याचे आणखी एक कारण होते. तिच्या मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक आहेत, पण हँडब्रेक त्या डिस्कवर चालत नाही. डिस्कचा मधला भाग टोपीसारखा खोलगट असतो आणि त्याच्या आतल्या बाजूला छोटा ड्रम तयार केलेला असतो. हँडब्रेक ओढला की केबल एक तरफ खेचते, दोन शू बाहेर फाकतात आणि त्या छोट्या ड्रमला घट्ट टेकतात. पायाच्या ब्रेकचा या शूंशी काहीही संबंध नसतो. पायाच्या ब्रेकचे पॅड बदलायचे तर ते डिस्कवर दाबणारा कॅलिपर सोडवला की पुरते, डिस्क काढावी लागत नाही. त्यामुळे पॅड अनेकदा बदललेल्या गाडीतही हँडब्रेकचे शू कारखान्यातून बाहेर पडल्यापासून एकदाही कोणी पाहिलेले नसतात. ही गाडी तशीच होती.

गाडी समतल जागी घेतली, पुढच्या चाकांना ठोकळे लावले, मागचा अॅक्सल घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवला आणि केबल पूर्ण सैल केली. डावीकडची डिस्क आटे पाडलेल्या दोन छिद्रांत बोल्ट फिरवल्यावर मोकळी झाली. उजवीकडची मात्र एका बाजूला थोडी सरकून थांबली. आतल्या ड्रमच्या काठावर गंजाची कडा चढली होती आणि शू तिच्यामागे अडकले होते. अशा वेळी मोठा हातोडा चालवण्याचा मोह होतो, पण त्याने बेअरिंगला मार बसतो. डिस्कच्या छिद्रातून स्क्रू ड्रायव्हर घालून दातेरी अॅडजस्टर मागे फिरवणे हा योग्य मार्ग होता, परंतु तो अॅडजस्टर गंजून एकजीव झाला होता. अखेर शू ज्यावर बसतात त्या पत्र्याच्या, म्हणजे बॅक प्लेटच्या, मागून शू धरून ठेवणाऱ्या पिनांची डोकी कापली आणि शूसकट डिस्क बाहेर ओढली.

ती उपडी केल्यावर लायनरचा अख्खा पट्टा चंद्रकोरीसारखा वेगळा होऊन जमिनीवर पडला. शूच्या पत्र्यावर लायनर म्हणून काहीच उरले नव्हते. दुसऱ्या शूचे लायनर अर्धे उचकटलेले होते, त्याखाली गंजाचे पापुद्रे होते आणि त्या सगळ्यात बारीक पिवळसर गाळ वाळून बसला होता. तो गाळ पाहिल्याबरोबर मला उलगडा झाला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले, तेव्हा ही गाडी कोठे होती, असे मी गुरुजींना विचारले. ती त्यांच्या घराखालीच, हँडब्रेक ओढलेल्या अवस्थेत उभी होती.

त्या पुराने गावातील बहुतेक गॅरेजेही पाण्याखाली गेली होती, माझेही गेले होते. गाड्या दुरुस्त करायला हत्यारे नव्हती, वीज नव्हती, त्यामुळे अनेक गाड्या चिखलासह दीर्घकाळ तशाच उभ्या राहिल्या. पुढे इंजिन, गिअर आणि अॅक्सलचे ऑइल, वायरिंग, आसने यांची कामे झाली, ब्रेकचे पॅडही बदलले गेले. डिस्कच्या आत मात्र कोणी डोकावले नाही. ओले लायनर ड्रमला दाबलेल्या स्थितीत राहिले, दोघांमध्ये गंज धरला, आणि गाडी पहिल्यांदा हलवली तेव्हा लायनर ड्रमला चिकटून राहिले व शूपासून उपटले गेले असावे. मागे घेताना कधी कधी खडखड आवाज येतो, असे गुरुजींनी आता आठवून सांगितले. तो सुटा पट्टा शू आणि ड्रम यांच्यामध्ये आडवा अडकला असता, तर चालत्या गाडीचे मागचे एक चाक धरले गेले असते. घाटातल्या ओल्या वळणावर त्याचा अर्थ काय होतो, हे मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले.

खरा पेच त्यापुढे होता. उजवीकडची बॅक प्लेट पिनेच्या छिद्राभोवती गंजून पापडासारखी झाली होती. वॉशर वेल्ड करून भागवा, अशी सूचना आली. मला ती मान्य नव्हती, कारण एवढ्या पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्ड धरत नाही आणि शू तिरके बसले तर नवे लायनरही एका कडेनेच झिजते. प्लेट बदलायची तर अॅक्सल शाफ्ट बाहेर काढून प्रेसवर बेअरिंग उतरवावे लागते. खर्च बराच वाढणार होता. गुरुजींनी काढलेले भाग हातात घेऊन पाहिले आणि काम पूर्ण करायला सांगितले. शाफ्ट निघालाच होता, म्हणून बेअरिंगबरोबर ऑइल सीलही नवे टाकले, कारण अॅक्सलचे ऑइल झिरपून लायनरवर आले की नवा हँडब्रेकही निकामी होतो.

डिस्क पुन्हा वापरण्याजोग्या नव्हत्या. आतल्या ड्रमचा व्यास किती वाढला की तो टाकून द्यायचा, ते डिस्कवरच कोरलेले होते आणि मोजमाप त्यापलीकडे गेले होते. शू, स्प्रिंगा, पिना, अॅडजस्टर आणि दोन्ही केबल नव्या घेतल्या. जुनी केबल हातात वाकवली की तिच्या आवरणातून गंजाचे पाणी येत होते. कॅलिपर ज्यावर सरकतो ती एक स्लाइड पिन जाम होती, त्यामुळे त्या बाजूचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त झिजला होता. पिस्टन मागे दाबताना ब्लीडिंगचा निपल उघडून जुने ऑइल बाहेर जाऊ दिले, म्हणजे गाळ एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटकडे उलटा जात नाही. नंतर चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून ब्रेक ऑइल पूर्ण बदलले. जुनी धूळ हवेच्या झोताने उडवू नये, याबाबत मी गॅरेजमधल्या मुलांवर फार कडक असतो. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती ओली करूनच पुसायची.

जोडणीत सर्वांत जास्त लक्ष क्रमाकडे द्यावे लागते. केबल सैल ठेवायची. अॅडजस्टर फिरवत डिस्क हाताने फिरेनाशी होईपर्यंत शू बाहेर आणायचे, मग डिस्क न घासता फिरेल इतके दाते मागे घ्यायचे, आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्यावरच केबलचा नट आवळायचा. आधी केबल आवळली तर सगळे गणित चुकते. त्यानंतर मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी हळू चालवत, बटण दाबून ठेवून हँडब्रेक हलका ओढला, मधे थंड होऊ दिला आणि पुन्हा तसेच केले, म्हणजे लायनरचा पृष्ठभाग ड्रमला सर्वत्र टेकतो.

गुरुजींना बसवून आम्ही गाडी घाटाच्या पायथ्याशी एका चांगल्या चढावर नेली. गिअर न्यूट्रलला ठेवला, दांडा ओढला आणि मी पाय पेडलवरून काढला. गाडी जागेवर राहिली. तोंड उताराकडे करूनही पाहिले. दांडा रोज ओढत जा, म्हणजे केबल मोकळी राहते. पण गाडी पाण्यातून आली असेल आणि पुढे बरेच दिवस उभी राहणार असेल, तर हँडब्रेक न ओढता ठोकळे लावून ठेवा, एवढे त्यांना सांगितले. तपासणी पार पडली. पावसाळा संपल्यावर ते गाडी पुन्हा दाखवायला घेऊन आले तेव्हा लायनर बसल्यामुळे पोकळी किंचित वाढली होती. मी चाके काढली, अॅडजस्टर थोडा पुढे घेतला आणि केबलच्या नटाला हात लावला नाही.