माळ्यावर सापडली नाझिया

आज मंगळवार पेठेतल्या जुन्या घराचा माळा झाडताना बुटाच्या खोक्यात आक्काची 'डिस्को दीवाने'ची कॅसेट सापडली. कव्हर फाटलंय, फीत थोडी बाहेर आलेली. पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळली आणि दादांच्या टेपवर लावली. खरखर झाली, मग तो आवाज आला. अंगावर काटा आला.

१९८० साली 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' आलं तेव्हा नाझिया हसन जेमतेम पंधरा वर्षांची होती. कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये शिकणारी पोरगी. पुढच्याच वर्षी फिल्मफेअर तिला! संगीतकार बिद्दू, आपल्या बंगळूरचा. त्यानं निर्मिती केलेलं 'कुंग फू फायटिंग' १९७४ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडच्या चार्टवर पहिल्या नंबरला होतं. एवढा मोठा माणूस, आणि त्याला या पोरीच्या आवाजात काहीतरी दिसलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

भाऊ झोहेबबरोबर तिनं पाचच अल्बम केले. 'डिस्को दीवाने' १९८१चा, शेवटचा 'कॅमेरा कॅमेरा' १९९२चा. मधला 'यंग तरंग' मला सगळ्यांत आवडतो. ऑगस्ट २००० मध्ये कॅन्सरनं ती गेली. वय फक्त पस्तीस.

आमच्या गल्लीत तेव्हा चार्ट कुणाला माहीत होता? कुणाच्या घरातून कोणतं गाणं किती वेळा ऐकू येतं, तोच आमचा चार्ट.

संध्याकाळी आक्काला फोन लावून टेपजवळ धरला. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "बाजू बदल की रे."