बेअरिंगच्या पाठीमागचा पत्रा

क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग (इंजिनातला फिरता दांडा घासून गोल करणं) आणि सिलिंडर बोअरिंग (सिलिंडर आतून कापून एकसारखा करणं) हा आमचा धंदा, दुकान कुर्ल्यात. वडिलांच्या काळात फियाटच्या इंजिनांचे ब्लॉक दुकानाबाहेर रांगेत पडलेले असायचे. ही गाडी बनवणारा प्रीमियरचा कारखाना कुर्ल्यातच होता आणि मुंबईच्या टॅक्स्याही ह्याच गाड्यांच्या. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनी (फियाटचंच पुढचं नाव) टॅक्सीची मुदत संपली, पण हे काम त्याच्या कितीतरी आधी आटलं. आता फियाटचं इंजिन आलं की ते मी कारागिरांकडे देत नाही, स्वतःच हातात घेतो.

पावसाळ्याच्या तोंडावर गिरगावचे एक काका टेम्पोत इंजिन घालून आले. 1965 ची फियाट डिलाइट, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, तशी नोंदणी त्यांना करायची होती. त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते, म्हणून दुसरं इंजिन बसवायचा प्रश्नच नव्हता. एका गॅरेजवाल्याने ‘इंजिन नवं करून देतो’ म्हणून बहात्तर हजार घेतले होते. साध्या कागदावर हाताने लिहिलेलं बिल काकांनी जपून ठेवलं होतं: क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, होनिंग, पिस्टन सेट, बेअरिंग सेट, मजुरी.

गाडी घरी आली आणि थोड्याच दिवसांत गरम झाल्यावर सिग्नलला उभी राहिली की ऑइलचा लाल दिवा लागायला लागला. गॅरेजवाला म्हणाला, नवीन काम आहे, बसायला वेळ लागतो. मग त्याने जाड ऑइल भरलं. दिवा विझला, पण खालून ठकठक सुरू झाली. पुढे त्याने फोन उचलणंच बंद केलं.

“मिस्त्री, इंजिन उघडाल तेव्हा मला समोर बसू द्याल?” काकांनी विचारलं. मी म्हटलं, काका, तुम्ही बसणार नसाल तर मी उघडणारच नाही.

हेड काढलं आणि पहिल्या सिलिंडरच्या वरच्या काठाखाली नख फिरवलं. नख अडकलं. पिस्टनवरची रिंग वर्षानुवर्षं घासते तिथवर धातू झिजतो आणि वर न झिजलेली कडा उरते. बोअरिंग झालं असतं तर ही कडा राहिलीच नसती. काकांचं बोट धरून त्यांनाही ती दाखवली. ह्या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 68 मिलिमीटर. मधोमध माप घेतलं तर झीज होती तशीच. पिस्टन जुनेच, तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केलेले. रिंगा मात्र नव्या. नवी रिंग जुन्या कडेवर आदळत राहते. दोन सिलिंडरांत वरची रिंग तुटली होती.

इथपर्यंतची लबाडी मी पूर्वीही पाहिलेली आहे. खालचं चेंबर, म्हणजे तेलाचं भांडं, काढलं तर ऑइल पंपाच्या जाळीत सिलिकॉनच्या लाल शेवया अडकलेल्या. गॅस्केटला लपालपा लावलेलं, आत सांडलेलं. तेल वर चढणार कुठून?

मग पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या कॅप खोलल्या. रॉड आणि क्रँकच्या मध्ये बसणाऱ्या अर्धगोल बेअरिंगचा वरचा मऊ थर निघून तांबं दिसत होतं. बेअरिंग उचललं तर त्याच्या पाठीमागे पत्र्याची बारीक पट्टी. पुसून उजेडात धरली: कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा, कात्रीने कापलेला, एका बाजूला लाल रंग आणि छापलेलं अर्धं अक्षर. चारही रॉडना तेच. क्रँकला ग्राइंडिंगचा दगड लागलेलाच नव्हता, हाताने एमरी पेपर मारला होता. एकाच जर्नलवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या क्रँकच्या गोल भागावर, उभं आणि आडवं माप घेतलं तर आठ शतांश मिलिमीटरचा फरक. नव्या बेअरिंगमध्ये तेलाला जागा असते तीन-चार शतांशांची! ढिलाई झाकायला मागे पत्रा घातला. बेअरिंग रॉडला पूर्ण चिकटून बसलं तरच त्याची उष्णता रॉडमध्ये जाते. मध्ये पत्रा आला की ते एका जागी फुगतं, तिथली तेलाची फिल्म तुटते आणि धातूवर धातू घासतो.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाबा ह्याच गाडीने आम्हाला कोकणात न्यायचे हो.” मला भयंकर राग आला. टॅक्सीवाल्याला असं काम दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो गाडी दुकानाच्या दारात आडवी लावून उभा राहिला असता. रोज गाडीखाली वाकणारा माणूस होता तो. काकांना यातलं काय कळणार, हे ओळखूनच हा पत्रा कापला गेला.

क्रँकला तडा गेला नाही ना, ते तपासून घेतलं. सुदैवाने क्रँक शाबूत निघाला. जर्नल ग्राइंड केली, त्या मापाची बेअरिंग शोधून आणली, ब्लॉक ओव्हरसाइजला, म्हणजे पुढच्या मोठ्या मापाला, बोअर केला. क्रँकमधली तेलाची भोकं बूच काढून धुतली, कारण ग्राइंडिंगचा कण आत राहिला तर नवं बेअरिंगही जातं. प्रत्येक माप काकांसमोर कागदावर उतरवलं आणि उघडतानाच्या अवस्थेची मापं, फोटो, सही-शिक्क्यासह वेगळी लिहून दिली.

त्या कागदाच्या आधारावर काकांनी ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ह्याच धंद्याच्या लाइनीतल्या दोघा-तिघांनी मला समजावलं, धंद्यातल्या माणसाविरुद्ध लिहून देऊ नये, उद्या तोच तुला काम पाठवेल. त्याचं काम मला नको आहे. पत्र्याच्या चारही पट्ट्या माझ्याकडे आहेत आणि तारखेला त्या घेऊन मी काकांबरोबर जाणार आहे.