याचं पोट कशावर चालतं?

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळानं 'दोन शब्द' मागितले आहेत. शाळेची इमारत, पहिला निकाल, स्नेहसंमेलनं यांवर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे बरेच आहेत, त्यांच्या वाटेला मी जात नाही. मी १९८२च्या दहावीचा विद्यार्थी. पुढे एसटीत कंडक्टर झालो आणि नोकरी सांभाळून कथा लिहिल्या. गेली काही वर्षं शाळेतली पोरं-पोरी आपल्या कथा मला वाचायला देतात. कुणी वहीची पानं फाडून देतं, तर कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतं. फोटोत निम्मी ओळ अंगठ्याखाली गेलेली असते, तरी वाचतो. हे लिहिणं त्या पोरांसाठी आहे.

पोरांनो, तुमच्या कथांचा नायक बहुतेक वेळा रोहन असतो, नाहीतर आर्यन. तो पुण्यात 'एका मोठ्या कंपनीत' असतो. कंपनीत तो नेमकं काय करतो, हे कथा संपेपर्यंत कळत नाही. खिडकीबाहेर पाऊस पडत असतो. मध्येच आई आजारी पडते आणि शेवटच्या पानावर कुणीतरी गाडीखाली येतं. लिहिणारी पोरगी मात्र आपल्या खानदेशातल्या सावद्याच्या अलीकडे राहते. घरी केळी आहे, पहाटे उठून ती म्हशीचं शेण काढते, मग सायकलवर शाळेत येते. यातलं एक अक्षर कथेत नसतं. विचारलं की म्हणते, "काका, त्यात काय लिहायचं? ते तर रोजचंच आहे."

हे उत्तर आमच्या मराठीच्या सरांपुढे टिकलं नसतं. शाळेचं हस्तलिखित निघायचं, त्याचं काम सर पाहायचे. वाचनालयाच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाला पाठ टेकून बसायचे आणि आम्ही दिलेली कथा उभ्यानंच वाचून दाखवायला लावायचे. ऱ्हस्व-दीर्घ नंतर. आधी एकच प्रश्न : "याचं पोट कशावर चालतं रे?" नायक गरीब आहे, श्रीमंत आहे, प्रेमळ आहे, असली उत्तरं त्यांना चालत नसत. तो सकाळी उठून काय करतो, त्याचे पैसे कोण देतं, आठवड्यानं देतं की महिन्यानं, उशीर झाला तर तो कुणाकडे मागतो, हे सांगता आलं तर कथा पुढे ऐकायची, नाहीतर कागद परत.

आमच्या वर्गातल्या एकानं पोस्टमनवर कथा लिहिली होती. प्रामाणिक पोस्टमन, उन्हातान्हात फिरतो, शेवटी त्याचा सत्कार होतो, अशी. सरांनी त्याला दोन दिवस गावच्या पोस्टात जाऊन बसायला सांगितलं. आम्ही हसलो. पण तो बसला. परत आला तेव्हा त्याच्याकडे सांगायला भरपूर होतं. शिक्का आधी शाईच्या गादीवर आणि मग तिकिटावर कसा एका लयीत पडतो. महिन्याच्या सुरुवातीला मनिऑर्डरीच्या आशेनं ओट्यावर कोण कोण म्हाताऱ्या येऊन बसतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, वाचता न येणाऱ्यांना पोस्टमनच पत्र वाचून दाखवतो. दुसऱ्यांदा लिहिलेल्या कथेत सुरतेहून एका पोराचं पत्र येतं. त्यात लिहिलेलं असतं की मी आता परत येणार नाही. पोस्टमन ते म्हातारीला वाचून दाखवताना ते एक वाक्य गाळतो. मग दर महिन्याला त्याला काहीतरी गाळावं लागतं, काहीतरी पदरचं घालावं लागतं. सत्कार आपोआपच उडाला. नववीतल्या पोरानं लिहिलेली ती कथा मला अजून आठवते. तो गडी पुढे कापडाच्या धंद्यात गेला, त्यानं परत लिहिलं नाही, हे माझ्या मते मराठी कथेचं थोडं नुकसानच आहे.

सांगायचं ते एवढंच आहे. पात्राचं काम माहीत करून घ्या. कामातून त्याची वेळ ठरते, बोलणं ठरतं, कपडे ठरतात आणि अडचणही तिथूनच येते. कथानक वेगळं शोधावं लागत नाही.

आपल्याकडचंच घ्या. 'शेतकरी' म्हणून तुम्ही एक माणूस लिहिता आणि त्याला आभाळाकडे बघायला लावता. पण केळीवाला आणि कपाशीवाला ही दोन वेगळी माणसं आहेत. कापूस वेचून घरात आणून टाकता येतो. भाव नाही म्हणून दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, वेळ पडली तर त्याच्याही पुढे, कापूस मधल्या खोलीत छतापर्यंत भरलेला असतो. घरातली माणसं ओसरीवर झोपतात, पोरांच्या अंगाला खाज सुटते, कापूस वाळून वजन घटतं आणि 'आता विकू, मग विकू' यावरून बाप-लेकात रोज खटका उडतो. ही थांबण्याची कथा आहे. केळीला थांबता येत नाही. घड तयार झाला की कापावाच लागतो, आणि तो हिरवा असतानाच. बागेत पिकू लागला की व्यापारी हात लावत नाही. व्यापाऱ्यालाही हे ठाऊक असतं. तो म्हणतो, "उद्या गाडी लावतो." उद्या म्हणतो, "परवा." तोवर बोर्डावरचा, म्हणजे रोज जाहीर होणारा, भाव उतरलेला असतो. त्यात मे-जूनमधलं वादळ आलं तर उभी बाग अर्ध्या तासात आडवी. ही घाईची कथा आहे. दोघंही शेतकरी, दोघांवरही कर्ज आहे, पण एकाच्या कथेत तुम्हाला महिने लागतील आणि दुसऱ्याच्या कथेला एक रात्र पुरेल.

जवळ जाऊन बघितलंत तर आणखी मिळेल. केळी कापणाऱ्या टोळीतला माणूस बघा. एक जण दांडा कापतो, दुसरा घड खांद्यावर झेलून बांधापर्यंत नेतो, पाय न घसरू देता, कारण घड आपटला की केळीला डाग पडतो आणि बोलणी खावी लागतात. त्याचा सदरा बघा. केळीचा चीक लागला की काळपट डाग पडतो, तो कोणत्याही साबणानं निघत नाही. म्हणून कापणीचे कपडे वेगळे असतात. आता हा माणूस लग्नाला निघालाय आणि त्याच्याकडे डाग नसलेला एकच सदरा आहे, तोही मोठ्या भावाच्या अंगात. सुरू झाली की नाही कथा? मुलींनाही हेच सांगतो. खापरावर मांडे करणारी बाई पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत पसरवते, तेव्हा तिला कपाळावरचा घामसुद्धा पुसता येत नाही. त्याच वेळी तिला कुणी काहीतरी टोचून बोललं, तर ती काय करेल? हात मोकळे नाहीत, मांडा फाटला तर शोभा. 'आई स्वयंपाक करत होती' असं लिहून तुम्ही हे सगळं वाया घालवता.

आपल्या मातीत याचा मोठा दाखला आहेच. असोद्याच्या बहिणाबाईंना (१८८० ते १९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरवून घेतली, पुस्तक निघालं ते १९५२ साली, त्यांच्या पश्चात. त्या गाण्यांत काय आहे ते आठवा. जातं आहे, मोट आहे, पेरणी आहे, मळणी आहे. ज्या कामात हात बुडालेले, त्याच कामातून शब्द निघालेले. 'ते तर रोजचंच आहे' असं त्या म्हणाल्या असत्या तर काय उरलं असतं?

दुसरा दाखला अमळनेरचा. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढली, ही माहिती तुम्हाला पाठ असते आणि तिचा भलताच अर्थ तुम्ही घेता. पाच दिवसांत पुस्तक होतं म्हणजे बसलं की झालं! पण त्याआधी १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, तिथलं वसतिगृह सांभाळत होते, मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढत होते. घर सोडून आलेल्या पोरांना रात्री कशाची आठवण येते, हे त्यांनी रोज जवळून पाहिलेलं होतं. त्या पाच दिवसांच्या मागे ही वर्षं आहेत.

माझं स्वतःचं म्हणाल तर एसटीनं मला लिहायला शिकवलं. कंडक्टरला सगळं अर्धवट ऐकू येतं. तिकीट फाडता फाडता मागच्या बाकावरची बाई सांगत असते, "मंग म्या त्याले सांगतलं..." आणि तिचा फाटा येतो. ती पिशवी घेऊन उतरते, मी डबल घंटी देतो, गाडी निघते. तिनं त्याला काय सांगितलं, ते मला रात्रभर शोधावं लागतं. मुक्कामी गाडी असली की वेळच वेळ. ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर झोपायचा, मी पुढच्या दिव्याखाली वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, पूर्ण करून वही काढायचो. माझ्या बऱ्याचशा कथा दुसऱ्याच्या अर्ध्या वाक्यावर उभ्या आहेत. तुम्हीही बसनं शाळेत येता. कानातलं ते यंत्र एका बाजूचं तरी काढून ठेवा.

त्या गाडीनंच भाषेचंही शिकवलं. यावलकडे लेवा बोली, तापी ओलांडून अमळनेर-पारोळ्याकडे निघालो की अहिराणी, सातपुड्याच्या पायथ्याला तडवी आणि पावरा मंडळींचं बोलणं वेगळंच. तुमच्या कथेत मात्र सगळे बातम्या वाचल्यासारखे बोलतात. 'माझा मुलगा अजून घरी आलेला नाही' असं धुळ्याकडची कुठली आई दारात उभी राहून म्हणते? ती म्हणेल, "मना पोऱ्या आजून घर उना नही." निवेदन प्रमाण भाषेत ठेवा हवं तर, मीही तसंच ठेवतो, पण माणसाच्या तोंडचं वाक्य त्याचं त्याला राहू द्या. कंसात अर्थ देऊ नका. वाचकाला अंदाज बांधता येतो, एवढा विश्वास ठेवावा. आणि एक खोड मोडा : गडी, म्हातारी, विनोदी मामा यांनाच अहिराणी द्यायची आणि शिकलेल्या नायकाला शुद्ध मराठी. मला याचा राग येतो. आपल्याकडचे डॉक्टर, वकीलही घरी आईशी अहिराणीतच भांडतात.

वयाचं कारण सांगू नका. 'कोसला' ही कादंबरी १९६३ साली आली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचवीस वर्षांचे होते, आणि ते आपल्याच खानदेशातल्या सांगवीचे. लेखक पुण्या-मुंबईतच होतात हा समज तेव्हाच निकालात निघायला हवा होता. फेब्रुवारी २०२४मध्ये अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन झालं. १९५२नंतर प्रथमच तिथे संमेलन भरलं होतं. मी गेलो होतो. पुस्तकांच्या गाळ्यांपुढे शाळेच्या गणवेशातली पोरं घोळक्यानं फिरत होती, खिसे चाचपत होती. भाषणांपेक्षा मला तेच बघायला आवडलं.

आता छापण्याविषयी थोडं, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचा हंगाम दिवाळी हाच आहे. दिवाळी जवळ आल्यावर कथा पाठवून उपयोग नसतो, पावसाळा सुरू होतानाच ती संपादकाच्या हाती पडलेली बरी. आधी तो अंक वाचा, मग पाठवा. विनोदी अंकाला शोकांतिका धाडण्यात अर्थ नाही. एक कथा एका वेळी एकाकडेच पाठवावी. आमच्या वेळी सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचो आणि तेच पाकीट 'साभार परत'ची चिठ्ठी घेऊन घरी यायचं. आपल्याच अक्षरातलं पाकीट दारात बघून पोटात खड्डा पडायचा. आता ईमेल आहे, त्यामुळे बरेचदा नकारसुद्धा येत नाही. येईल त्याची वाट बघत बसू नका, पुढची कथा सुरू करा. नाकारली गेलेली कथा महिनाभर बाजूला ठेवून परत वाचा, एखादं पान सहज कमी होतं. बहुतेकदा पहिलंच. आणि कुणी 'इतके पैसे भरा, तुमचा कथासंग्रह काढतो' म्हणालं, तर हात जोडून दुसऱ्या रस्त्यानं निघा. माझे पैसे एकानं असेच खाल्ले. पुस्तकांचे गठ्ठे अजून माळ्यावर आहेत. हवे असतील त्यांनी घेऊन जावेत, फुकट.

मुख्याध्यापक बाईंशी बोललो आहे. परीक्षा संपली की एप्रिलमध्ये रविवारी सकाळी वाचनालयाची खोली उघडून देतो म्हणाल्या. ज्याला लिहायचं आहे त्यानं यावं. कथा हातानं लिहिलेली चालेल, पण कागदाच्या एकाच बाजूला आणि डावीकडे समास सोडून, म्हणजे मला खुणा करता येतील. मोबाईलवरून फोटो नको. प्रत्येकानं आपली कथा उभं राहून मोठ्यानं वाचायची. पहिला प्रश्न काय येणार, ते आता तुम्हाला माहीत आहे. तेव्हा उत्तर घेऊनच या. येताना पाण्याची बाटली आणा, खोलीतला पंखा आमच्या वेळचाच आहे.