निळ्या पॅसिव्हेटखालचे काळे कोपरे : झिंक बाथमध्ये शिरलेल्या तांब्याचा माग

जस्ताचा थर चढवायच्या द्रावणातून, म्हणजे बाथमधून, बाहेर येताना आरशासारखा लखलखणारा ब्रेक कॅम लिव्हर निळ्या पॅसिव्हेटमध्ये (जस्तावर संरक्षक आवरण देणाऱ्या द्रावणात) बुडवला की वीस सेकंदांच्या आत कोपऱ्याकोपऱ्यांतून काजळी धरल्यासारखा काळा पडतो. हा प्रकार मागच्या नोंदीनंतर इतक्या नेमाने घडू लागला की माझ्या प्रिया स्कूटरच्या उरलेल्या भागांचे प्लेटिंग मला थांबवावे लागले. व्हिनेगरचा ॲसिटेट बाथ सोडून पोटॅशियम क्लोराइडच्या बाथकडे वळल्याचे मागे लिहिलेच होते. बाथ तोच आहे: झिंक क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड, बोरिक ॲसिड, पीएच ५.२ ते ५.५ आणि दोन बाटल्यांचे तेच ब्राइटनर (थराला चकाकी आणणारे रसायन). सुरुवातीच्या बॅचेस या बाथने इतक्या देखण्या दिल्या होत्या की साताऱ्याच्या कारखान्यातून ही स्कूटर बाहेर पडली तेव्हाही तिचे नट-बोल्ट एवढे चमकत नसावेत.

काळेपणा सगळीकडे नव्हता, आणि सारा तपास त्यामुळेच शक्य झाला. घड्याळजीच्या भिंगाखाली लिव्हर धरल्यावर दिसले की बाहेरच्या कडा, टोके आणि अगदी शिक्का मारलेल्या आकड्यांचे उंचवटे स्वच्छ निळसर आहेत. मात्र केबल अडकवायच्या खाचेचा तळ, भोकाची आतली बाजू आणि बोल्टच्या आट्यांच्या खोबणी करड्या-काळ्या झाल्या आहेत. हा थर बोटाने पुसला जात नव्हता; सौम्य नायट्रिक ॲसिडमध्ये क्षणभर बुडवल्यावर तर तो अधिकच गडद झाला. त्यामुळे पॅसिव्हेटला दोष देण्यात अर्थ उरला नव्हता, तरीही खात्रीसाठी त्याचा पीएच तपासला आणि तो २ च्या आसपास, म्हणजे हवा तिथेच निघाला. ताजे पॅसिव्हेट वेगळ्या भांड्यात बनवून पाहिले, तरी निकाल बदलला नाही. दोष थराच्या वर नसून थरातच होता.

या टप्प्यावर हल सेल, म्हणजे कमी-जास्त प्रवाहावर बाथ कसा वागतो हे एकाच पत्र्यावर दाखवणारा चाचणीचा डबा, कामाला आला. ज्यांनी तो अजून केलेला नाही, त्यांनी बाथला वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायरवर आणखी पैसे घालण्याआधी तो करावा असे माझे स्पष्ट मत आहे. ॲक्रिलिकच्या चार पट्ट्या, थोडे क्लोरोफॉर्म आणि माप घेण्याची चिकाटी एवढीच त्याची सामग्री आहे. बाथचे २६७ मिलिलिटर द्रव मावणाऱ्या या तिरप्या डब्यात पत्र्याचे एक टोक ॲनोडच्या (धन टोकाला जोडलेल्या जस्ताच्या) जवळ आणि दुसरे दूर असते. त्यामुळे १ ॲम्पिअर सोडले की जवळच्या टोकापासून १ सेंटिमीटरवर दर चौरस डेसिमीटरला सुमारे ५ ॲम्पिअर, ५ सेंटिमीटरवर सुमारे १.४ आणि ८ सेंटिमीटरवर ०.४ ॲम्पिअरच्या खाली, अशी सगळी प्रवाहघनता एकाच पत्र्यावर पसरलेली दिसते. पत्रा अर्धा ॲसिडमध्ये बुडवून अर्धा कोरा ठेवला, तेव्हा कोरा भाग शेवटापर्यंत चकचकीत होता आणि बुडवलेला भाग साधारण मध्यापासून पुढे, म्हणजे कमी प्रवाहाच्या बाजूला, धुरकट होत होत टोकाशी काळा झाला होता. लिव्हरच्या खाचेत जे दिसत होते, त्याचाच हा सरळ रेषेत उलगडलेला नकाशा होता.

पहिला संशय लोखंडावर जाणे स्वाभाविक होते, कारण लोखंडी वस्तू सतत आत-बाहेर होणाऱ्या आम्लधर्मी बाथमध्ये ते हळूहळू साठतेच. पण लोखंडाचा उपद्रव सहसा जास्त प्रवाहाच्या टोकाला, कडांवर दिसतो, आणि इथे कडा निर्दोष होत्या. तरी नमुन्यापुरता एक लिटर बाथ बाजूला काढून त्यात औषधांच्या दुकानातले ६ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने सोडले. या पीएचला पेरॉक्साइडमुळे विरघळलेले लोखंड फेरिक रूपात जाऊन गंजाच्या रंगाचा साका होऊन खाली बसते. थोडा साका बसला, गाळला, पुन्हा पत्रा काढला. काळा पट्टा होता तिथेच होता.

उरली ती जस्तापेक्षा ‘श्रेष्ठ’, म्हणजे जस्ताहून कमी सहज विरघळणाऱ्या, धातूंची टोळी, आणि तिच्यात तांबे सर्वांत संभाव्य. तांबे खाचांमध्येच का दिसते, हे एकदा समजले की पुढचा उपायही आपोआप सुचतो. तांब्याचे आयन बाथमध्ये इतके विरळ असतात की ते कॅथोडपर्यंत (प्लेटिंग होत असलेल्या वस्तूपर्यंत) किती पोहोचतात हे प्रवाहावर नव्हे, तर द्रवातून पसरण्याच्या त्यांच्या वेगावर ठरते. त्यामुळे कडेवर आणि खाचेत दर मिनिटाला बसणारे तांबे जवळपास सारखेच असते. जस्त मात्र प्रवाहाच्या प्रमाणात बसते. कडेवर भरपूर जस्तात चिमूटभर तांबे मिसळते आणि लपून जाते. खाचेत तेवढेच तांबे थोड्याशा जस्तात मिसळते, आणि पॅसिव्हेटमधल्या आम्लाने वरचे जस्त किंचित खाल्ले की उघडे पडून काळे दिसते. गंजरोधनाच्या दृष्टीने हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, कारण जस्ताच्या थरात विखुरलेले तांब्याचे कण म्हणजे थरातच जागोजागी मांडलेल्या सूक्ष्म बॅटऱ्या होत. ज्या खोबणीत खारे पाणी साचून राहणार, नेमकी तिथेच त्या जस्त जलद खाणार.

उपाय दोन होते. पहिला, डमी प्लेटिंग: नालीदार वाकवलेला पत्रा कॅथोड म्हणून लावून दर चौरस डेसिमीटरला ०.२ ॲम्पिअर इतक्या मंद प्रवाहावर बाथ रात्रभर चालवणे, म्हणजे नाल्यांच्या तळाशी तांब्याचे प्रमाण वाढून ते पत्र्यावर अडकते. दुसरा, प्रति लिटर सुमारे १ ग्रॅम जस्ताची भुकटी घालून ढवळणे, म्हणजे तांबे त्या कणांवर बसते. पण हा बाथ लगोलग गाळावा लागतो, कारण भुकटीतले जस्त विरघळून संपले की मोकळे झालेले तांबे पुन्हा बाथमध्ये परतू शकते. शिवाय पीएच वर चढतो तो वेगळाच. माझ्याकडे गाळायला कॉफीचा कागद आणि नरसाळे एवढीच यंत्रणा असल्याने मी डमीचा मार्ग धरला. सकाळी पत्र्याच्या नाल्यांमध्ये शिसपेन्सिलीसारखा करडा-काळा मऊ थर बसलेला दिसला आणि तो पाहून झालेला आनंद कुठल्याही चकचकीत बोल्टपेक्षा मोठा होता. तांबे बसण्याचा वेग द्रवाच्या हालचालीवर अवलंबून असेल तर बाथ ढवळल्यास काम लवकर व्हायला हवे, हे तेव्हाच सुचले. म्हणून माशांच्या टाकीचा, सिरॅमिक शाफ्टचा लहान पाणपंप आत सोडला. पुढच्या हल पत्र्यावर धुरकट पट्टा टोकाच्या सेंटिमीटरभरात आक्रसलेला होता. ब्राइटनर मात्र या उद्योगात खर्ची पडते, हे ध्यानात ठेवावे.

ब्राइटनरचा विषय निघालाच आहे, तर एक तक्रार नोंदवते. छंदापुरते प्लेटिंग करणाऱ्याला लिटर-दोन लिटरचा डबा द्यायला आपल्याकडचे बहुतेक पुरवठादार तयार नसतात. फोनवर पहिलाच प्रश्न ‘किती ड्रम?’ असा येतो. जे सुटे देतात, ते बाटलीवर ना बॅच क्रमांक घालतात ना मात्रा. ॲनोडच्या बाबतीत उलट अनुभव आहे. मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरच्या तळाला लावायच्या जस्ताच्या वड्या सहज आणि स्वस्त मिळतात, त्यामुळे मोह होतो. पण समुद्रात एकसारख्या झिजाव्यात म्हणून त्या वड्यांच्या मिश्रधातूत ॲल्युमिनियम आणि कॅडमियम मुद्दाम घातलेले असते. बोटीसाठी ते योग्यच आहे, बाथसाठी नाही. माझे ॲनोड ९९.९९ टक्के शुद्धतेच्या पाटीतून कापलेले आहेत आणि कापडी पिशवीत असतात, त्यामुळे तांबे तिकडून आलेले नव्हते.

ते कुठून आले याचा उलगडा पिकलिंगच्या, म्हणजे प्लेटिंगआधी आम्लात गंज उतरवायच्या, टबात झाला. पॉलिश पेपरने घासून उजळलेला एक साधा खिळा त्या जुन्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवून बाहेर काढला, तर तो गुलाबी झाला होता. टबात शेवटी गेलेला मोठा भाग म्हणजे स्टँडचा ब्रॅकेट. त्याच्यावरचा रंग आणि गंज उतरल्यावर एका सांध्यात पिवळी रेघ दिसू लागली होती; पूर्वी कधी तरी कुठल्याशा गॅरेजमध्ये तडा पितळ वितळवून सांधून (ब्रेझ करून) वर रंग फासलेला होता. नुसते हायड्रोक्लोरिक ॲसिड तांब्याला फारसे हात लावत नाही, पण गंज त्यात विरघळला की फेरिक क्लोराइड तयार होते, आणि सर्किट बोर्डावरचे तांबे खायला इलेक्ट्रॉनिक्सवाले हेच रसायन वापरतात. म्हणजे ब्रॅकेटच्याच गंजाने ब्रॅकेटचे पितळ खाल्ले, ते तांबे टबात उतरले, आणि त्यानंतर टबातून गेलेला प्रत्येक पोकळ भाग आपल्या कोनाड्यांतून त्या आम्लाचे चार थेंब बाथपर्यंत घेऊन गेला. आता ब्रेझिंग असलेले भाग सायट्रिक ॲसिडमध्ये वेगळे साफ होतात, पिकलिंगनंतर एकाऐवजी दोन बादल्यांत धुणे होते, आणि टबाजवळ उजळलेल्या खिळ्यांची डबी कायमची ठेवली आहे. जुने आम्ल सोड्याने निष्प्रभ करून त्याचा गाळ बंद बरणीत साठवला आहे. तो मोरीत जाणार नाही.

स्वच्छ झालेल्या बाथमधून पहिला निघाला तो ब्रेकचा पायटा. त्याचे पृष्ठफळ मोजून-मापून २ चौरस डेसिमीटर धरले होते, ३ ॲम्पिअरवर २५ मिनिटे ठेवला. हिशेबाने एक ॲम्पिअर-तासाला १.२२ ग्रॅम जस्त बसते, म्हणजे इथे १.५२ ग्रॅम बसायला हवे होते; सोनाराच्या काट्यावर वजन १.४६ ग्रॅमने वाढलेले भरले. कार्यक्षमता ९६ टक्के, जाडी सरासरी १० मायक्रॉन. पॅसिव्हेटमधून पायटा एकसारखा निळसर बाहेर आला, अगदी मागच्या कोनाड्यातसुद्धा, आणि तो मी दिवसभर उगाचच टेबलावर ठेवला होता.

हा हिशेब मांडताना मात्र पुढच्या बॅचचा बेत बदलला. सगळ्याच भागांवर १२ मायक्रॉन चढवायचे असे मी ठरवत होते, कारण रत्नागिरीच्या हवेत पातळ थराचा निभाव लागत नाही. हवेच्या गंजवण्याच्या ताकदीचे वर्ग ठरवणाऱ्या आयएसओ ९२२३ या मानकातल्या सी५ या वर्गात, म्हणजे खाऱ्या किनाऱ्याच्या हवेत, जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजते. ८ मायक्रॉनचा थर तिथे वर्षा-दोन वर्षांचा सोबती ठरतो. त्यातही पावसाने धुतला जाणारा भाग एक वेळ बरा, मडगार्डखाली आडोशाला राहून मीठ साचवणारा भाग अधिक लवकर जातो. पण आट्यांचे गणित वेगळे असते. ६० अंशांच्या आट्यावर थर दोन्ही उतारांवर बसत असल्याने आट्याचा पिच व्यास (उतारांच्या मध्यावर मोजलेला व्यास) थराच्या जाडीच्या चौपट वाढतो. १२ मायक्रॉन म्हणजे ४८ मायक्रॉन. एम६ च्या (६ मिलिमीटर व्यासाच्या) नेहमीच्या ६जी या मापसूट-वर्गातल्या बोल्टला प्लेटिंगसाठी सोडलेली मोकळीक आहे अवघी २६ मायक्रॉन. अशा बोल्टवर ६ मायक्रॉनच्या वर गेले की नट हाताने फिरत नाही, आणि पान्याने जबरदस्तीने फिरवला तर चढवलेले जस्तच सोलून निघते. म्हणून आता ब्रॅकेट, पायटा आणि लिव्हर १२ मायक्रॉन, आणि बारीक बोल्ट ६ मायक्रॉन, पण त्यांच्यावर निळ्याऐवजी जाड थराचे त्रिसंयुजी क्रोमियमचे पॅसिव्हेट आणि वर सीलर असे ठरवले आहे. जुना पिवळा क्रोमेट दिसायला अस्सल असला तरी त्यातले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि घरच्या गच्चीवर त्याला जागा नाही, हे माझे मत कायम आहे.

स्प्रिंग वायसर आणि स्टँडची स्प्रिंग यांबाबतही बेत मोडला. कठीण पोलादात पिकलिंग आणि प्लेटिंग या दोन्ही वेळी हायड्रोजन शिरतो आणि ताणाखाली असताना भाग अचानक तुटतो. त्यावर उपाय म्हणजे प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंश सेल्सिअसवर कित्येक तास भाजणे, आणि तेही पॅसिव्हेट करण्याआधी, कारण पॅसिव्हेटचा थर एवढी उष्णता सोसत नाही. माझा जुना ओव्हन एका कोपऱ्यात १८० आणि दुसऱ्यात २३० दाखवतो, तेव्हा त्याच्या भरवशावर स्टँडची स्प्रिंग सोपवण्यापेक्षा आम्ल आणि वीज दोन्ही टाळलेली बरी. स्प्रिंग वायर ब्रशने साफ करून तिला जस्ताची भुकटी ठासून भरलेला झिंक-रिच रंग द्यायचा, आणि वायसर नवेच घ्यायचे.

आता गंज तपासण्यासाठी मिठाचे पाणी फवारायच्या डब्यात तीन पट्ट्या शेजारी टांगल्या आहेत: तांबेवाल्या बाथमधली काळ्या कोपऱ्यांची, स्वच्छ बाथमधली निळी, आणि जाड पॅसिव्हेट व सीलरवाली. ५ टक्के मिठाचे पाणी आणि हातपंपाचा फवारा ही काही आयएसओ ९२२७ ची प्रमाणित मीठ-फवारा चाचणी नव्हे, पण तुलनेपुरती चालते. काळ्या पट्टीच्या खाचेत पांढरा गंज सर्वांत आधी फुटला आहे. तांबड्या गंजाची वाट पाहते आहे. दरम्यान, बारीक बोल्टांसाठी पीव्हीसी पाइपला भोके पाडून फिरता बॅरल करायचे मनात आहे. त्यात कॅथोडचा संपर्क आतल्या मालाशी कसा राखावा यावर अजून समाधानकारक रचना सापडलेली नाही. उघडी तांब्याची लोंबती तार मला त्या बाथजवळ आता नको आहे. स्टीलची साखळी किंवा टायटॅनियमचा दांडा वापरून कोणी हे जमवले असेल, तर मोटरचे दर मिनिटाचे फेरे आणि एका वेळी भरलेला माल यांच्या आकड्यांसह जरूर कळवावे.