सीलबंद ड्रीमकास्ट घेताना

सेगा कंपनीने 31 जानेवारी 2001 रोजी आपला ड्रीमकास्ट हा व्हिडिओ गेमचा कन्सोल बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि मार्चअखेरीस उत्पादन थांबवलं. त्यामुळे आज कुणी 'कोरा करकरीत, खोकंही फोडलेलं नाही' असं म्हणून ड्रीमकास्ट विकत असेल, तर ते यंत्र कारखान्यातून बाहेर पडून दोन दशकांहून जास्त काळ लोटलाय. वापर नाही म्हणून मोटर आणि लेझर झिजलेले नाहीत, हे खरं. पण कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग), बॅटरी, ग्रीस आणि प्लॅस्टिक यांचं वय खोक्यातही वाढतंच. सीलबंद नगासाठी वापरलेल्याच्या कितीतरी पट पैसे मोजताना हे लक्षात असू द्या: कोरा नग म्हणजे चालू नग नव्हे. फक्त खेळायचं असेल तर कुणीतरी उघडून, साफ करून, तासभर चालवून दाखवलेला वापरलेला नग जास्त भरवशाचा. सीलबंद घ्यायचा तो त्यातल्या सगळ्या मूळ वस्तू, न पिवळलेलं प्लॅस्टिक आणि न हाताळलेला ड्राइव्ह हवा म्हणून, आणि पुढची दुरुस्ती गृहीत धरूनच.

सगळ्यात आधी कोणत्या देशाचा नग आहे ते बघा. जपानी कन्सोलचा मॉडेल क्रमांक एचकेटी-3000, अमेरिकी एचकेटी-3020, युरोपी एचकेटी-3030. हा फरक फक्त गेमच्या प्रदेश-कुलपापुरता, म्हणजे एका प्रदेशाचा गेम दुसऱ्या प्रदेशाच्या यंत्रावर न चालण्यापुरता नाही, विजेचाही आहे. जपानी यंत्र 100 व्होल्टवर चालतं, अमेरिकी 120 वर, आणि युरोपी 220 ते 240 वर. आपल्या घरातल्या 230 व्होल्टच्या सॉकेटात फक्त युरोपी ड्रीमकास्ट थेट लावता येतो. त्याची वायरही साधीच आहे, जुन्या टेपरेकॉर्डरला लागायची ती आठच्या आकड्यासारख्या तोंडाची. घोटाळा नेमका इथेच होतो, कारण ती वायर तिन्ही यंत्रांत बसते. न्यू जर्सीतल्या भावाने आणलेला अमेरिकी नग घरातल्या वायरने थेट भिंतीत लावला, तर पहिल्याच सेकंदाला फ्यूज जाईल, बहुतेकदा पॉवर सप्लायचे आणखी भागही. त्यासाठी 230 वरून 110 व्होल्ट देणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. 100 वॉटचा असला तरी पुष्कळ झाला. जपानी नगासाठी 100 व्होल्टचाच घ्या, 110 चा चालवून घेऊ नका.

व्होल्टेजचा कायमचा निकाल लावायचा असेल तर आतला पॉवर सप्लायचा बोर्ड बदलता येतो. तो मुख्य बोर्डाला सहा पिनांवर बसतो आणि 12, 5 आणि 3.3 व्होल्ट पुरवतो. बाहेरून 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारे पर्यायी बोर्ड मिळतात. ते लावले की यंत्र कोणत्या देशाचं हा प्रश्न विजेपुरता उरत नाही. मात्र मूळ डिस्क ड्राइव्ह ठेवणार असाल तर त्या बोर्डावर 12 व्होल्टची लाइन आहे ना, ते विचारून घ्या. काही स्वस्त बोर्ड ड्राइव्ह काढून टाकलेल्या यंत्रांसाठीच बनवलेले असतात.

गेमच्या बाजूने बघितलं तर युरोपी नग आपल्याला दोन्हीकडून सोयीचा. बऱ्याच युरोपी गेममध्ये सुरुवातीलाच 50 की 60 हर्ट्झ असा पर्याय मिळतो, त्यामुळे 50 हर्ट्झवर गेम संथ चालण्याची जुनी तक्रार इथे फारशी उरत नाही. 'शेनमू 2' ड्रीमकास्टवर जपान आणि युरोपातच आला, अमेरिकेत नाही. उलट 'इकारुगा' फक्त जपानी डिस्कवर आहे. प्रदेशाचं कुलूप असल्याने आधी कोणते गेम खेळायचे ते ठरवा आणि मग यंत्र शोधा.

आता खोक्याकडे वळू. प्लॅस्टिकचं वेष्टण घट्ट दिसलं म्हणून तो कारखान्याचा सील असं समजू नका. श्रिंक-रॅपचा रोल आणि हीट गन कुणालाही मिळते. त्या काळातल्या पुष्कळ कन्सोलच्या खोक्यांना वेष्टण नव्हतंच, झाकणावर पट्टी किंवा स्टिकर असायचं. म्हणून आधी त्याच देशाच्या, त्याच आवृत्तीच्या खोक्यांचे तीन-चार फोटो बघून ठेवा आणि विकणाऱ्याकडून झाकणाच्या चारही कडांचे जवळून काढलेले फोटो मागवा. पट्टी ओढून पुन्हा चिकटवलेली असली की तिच्याखाली पुठ्ठ्याचे तंतू उचकटलेले दिसतात. जुनी पट्टी कडेला पिवळसर होते आणि तिथे धूळ धरते. वीस वर्षं जुन्या खोक्यावर लखलखीत पारदर्शक पट्टी म्हणजे ती नंतरची. खोक्यावर अनुक्रमांकाचं स्टिकर असेल तर त्याचा वाचता येईल असा फोटो घ्या, आणि माल हातात आल्यावर यंत्राच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी ताडून बघा. दोन्ही जुळले नाहीत तर दुसऱ्या यंत्राला कोऱ्या खोक्यात घातलंय. उत्पादन बंद झाल्यावरही दुरुस्त करून पुन्हा खोक्यात घातलेले ड्रीमकास्ट बाजारात आले होते, तेव्हा खोक्यावर तसा काही शिक्का किंवा मजकूर आहे का तेही वाचा.

सील असताना जे कळत नाही, आणि नेमकं तेच महत्त्वाचं असतं, ते तळाच्या स्टिकरवर छापलेलं असतं: उत्पादनाचा महिना आणि प्रदेशाच्या अक्षरांजवळ वर्तुळातला आकडा, 0, 1 किंवा 2. हा मुख्य बोर्डाच्या पिढीचा आकडा. 1 चे नग सर्वात जास्त. डिस्क ड्राइव्हच्या जागी मेमरी कार्ड वाचणारं जीडीईएमयू बसवायचं असेल तर 1 चाच नग हवा. 2000 च्या शेवटापासून सेगाने पायरसी रोखायला मिल-सीडी नावाच्या स्वरूपाचा (यात साध्या सीडीवरूनही गेम सुरू होतो) आधार काढून घेतला. याचा फटका आज दुसऱ्याच लोकांना बसतो: हौशी आणि स्वतंत्र निर्माते अजूनही ड्रीमकास्टसाठी जे नवे गेम रीतसर छापून विकतात, ते याच स्वरूपात असतात आणि त्या शेवटच्या यंत्रांवर ते सुरूच होत नाहीत. सीलबंद नगात ही चिठ्ठी उघडल्यावरच फुटते. शेवटी किंमत पाडून जो साठा विकला गेला त्यात उशिराचे नग असणं साहजिक आहे. नवे स्वतंत्र गेम हाच तुमचा हेतू असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: सीलबंद घेऊच नका, तळाचं स्टिकर दिसणारा नग घ्या.

परदेशातून मागवताना मूळ खोकं हेच पार्सलचं खोकं होऊ देऊ नका. बाहेर दुसरं मजबूत खोकं आणि चारही बाजूंनी किमान 5 सेंटिमीटर भरण हवं. यंत्राचं वजन सुमारे दीड किलो, त्यामुळे आपटलं तर आतला ट्रे ते पेलत नाही. सीमाशुल्क मालाच्या किमतीवर आणि वाहतूक खर्चावरही लागतं, त्यामुळे ते धरूनच भाव ठरवा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. माल फुटका निघाला तर भांडायला तोच उपयोगी पडतो.

खोकं उघडलं की लगेच प्लग लावायचा नाही. आधी सगळं बाहेर काढून बघा: कन्सोल, एक कंट्रोलर, टीव्हीची केबल, विजेची वायर, मॉडेमची टेलिफोन वायर, पुस्तिका आणि देशानुसार एखादी डिस्क. व्हीएमयू, म्हणजे छोट्या पडद्याचं सेव्ह-कार्ड, अमेरिकी खोक्यात नव्हतंच. ते नाही म्हणून विकणाऱ्याला दोष देऊ नका, वेगळं घ्या. त्यात दोन सीआर-2032 बॅटऱ्या लागतात. त्या संपल्या तरी सेव्ह जात नाहीत, कारण ती मेमरी फ्लॅश आहे. कन्सोल सुरू करताना कार्ड एक लांब बीप देतं, एवढंच. मॉडेम यंत्राला लावलेला आहे ना ते बघा. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि यूएसबी मॉडेम वापरून चाहत्यांनी पुन्हा उभारलेल्या सर्व्हरवर जायचं असेल तर तो लागतोच.

मग वायरी. कंट्रोलरची वायर थर्माकोलला किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीला टेकून वर्षानुवर्षं राहिली असेल तर चिकट झालेली असते. वायर मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर झिरपतं आणि थर्माकोलला विरघळवतं. पातळ साबणाच्या पाण्यात ओलं केलेल्या फडक्याने पुसा, थिनर लावू नका. पिवळेपणाचंही तसंच. तो फक्त उन्हाने येतो हा समज चुकीचा. त्या काळच्या प्लॅस्टिकमध्ये आग रोखण्यासाठी मिसळलेलं ब्रोमिनयुक्त द्रव्य असायचं, आणि उष्णता नि हवा यांनीही रंग पालटतो. त्यामुळे बंद खोक्यातून पिवळसर यंत्र निघालं तर ती फसवणूक असेलच असं नाही. माळ्यावर तापलेला साठाही असू शकतो.

यंत्र कानाशी धरून हलकेच हलवा. आत काही खुळखुळलं तर उघडून बघेपर्यंत वीज नको. हवेच्या झरोक्यांना नाक लावा. सडक्या माशासारखा वास आला तर कपॅसिटर गळलेला असण्याची शक्यता मोठी.

पहिली वीज देताना आपल्याकडच्या टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्यांची जुनी रीत वापरावी: सिरीज लॅम्प. 230 व्होल्टच्या युरोपी यंत्राच्या फेजमध्ये 60 वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब मालिकेत येतो. एलईडी बल्ब चालत नाही. स्विच टाकल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर सप्लाय ठीक. प्रखर पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बल्ब असताना शॉर्टचा सगळा करंट त्याच्यातून मर्यादित होतो आणि बोर्ड जळत नाही. हा सिरीज लॅम्पचा बोर्ड घरी नसेल तर कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे असतो, तिथे नेऊन बघा. बल्ब फक्त तपासणीपुरता, त्याच्यासकट गेम खेळू नका. वर्षानुवर्षं वीज न मिळालेल्या कपॅसिटरमधला ऑक्साइडचा पातळ थर विरलेला असतो आणि वीज मिळाल्यावर तो हळूहळू पुन्हा बनतो. म्हणून पहिली 20 मिनिटं डिस्क न घालता नुसता मुख्य मेनू चालू ठेवा. पंखा फिरतोय, जळका वास नाही आणि चित्र स्थिर आहे, एवढंच पाहायचं.

सुरू होताच यंत्र तारीख-वेळ विचारेल आणि वीज गेल्यावर पुन्हा विचारेल. हा बिघाड मानू नका. पुढच्या कंट्रोलर-बोर्डवर सोल्डर केलेली एमएल-2020 ही चार्ज होणारी नाणेवजा बॅटरी मेलेली असते. खेळायला तिने काही अडत नाही. बदलायची असेल तर एक होल्डर सोल्डर करून एमएल-2032 घाला. दुकानदार 'तेच आहे' म्हणून सीआर-2032 हातात देईल. ती चार्ज होणारी नव्हे, आणि कन्सोल तिला चार्ज करायला बघेल. त्यातून ती फुगते, गळते, फुटूही शकते. चार्जिंगचा मार्ग डायोडने अडवल्याशिवाय ती लावायची नाही.

मग डिस्क. जीडी-रॉममध्ये, म्हणजे ड्रीमकास्टच्या मूळ गेम-डिस्कमध्ये, साधारण 1 जीबी माहिती असते आणि ड्राइव्ह वेगात फिरतो, त्यामुळे करकर आवाज नव्या यंत्रातही यायचा. त्याने घाबरू नका. आधी गाण्यांची सीडी, मग मूळ गेम लावा. डिस्क फिरते पण वाचली जात नाही, तर बहुधा लेझरच्या रुळांवरचं ग्रीस वाळलेलं असतं. जुनं पुसून प्लॅस्टिकला चालणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर द्या आणि भिंग 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा. लेझरची ताकद वाढवायला तिथला छोटा पोटेन्शिओमीटर फिरवा असा सल्ला जागोजागी मिळतो. न वापरलेल्या लेझरवर तो प्रयोग करू नका, कारण तो झिजलेला नाहीच, आणि ताकद वाढवली की त्याचं आयुष्य घटतं.

खेळता खेळता यंत्र आपोआप मेनूवर परत आलं तर डिस्कला दोष देण्याआधी पॉवर सप्लायच्या त्या सहा पिना बघा. हा ड्रीमकास्टचा सर्वात ओळखीचा आजार. पिनांवर थर चढतो, जोड सैल पडतो, व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि यंत्र रीसेट होतं. प्लग काढा आणि निदान अर्धा तास थांबा, कारण 230 व्होल्टच्या सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी साठतात. मॉडेम काढा, चौथा स्क्रू त्याच्याखाली लपलेला असतो. तळाचे चारही स्क्रू काढून झाकण उचला. पॉवर सप्लायचा बोर्ड सरळ वर ओढा, पिना अल्कोहोलने पुसा, एक-दोनदा बसवून-काढून पुन्हा घट्ट बसवा.

कंट्रोलरच्या काडीची आणि ट्रिगरची काळजी मात्र फारशी नको. तिथे घासणारे रेझिस्टर नसून चुंबकीय हॉल सेन्सर आहेत. कंट्रोलर चालू यंत्रातून ओढून काढायची सवय तेवढी टाळा. तिथे शॉर्ट झाला तर कंट्रोलर-बोर्डवरचा एफ-1 फ्यूज जातो आणि चारही पोर्ट एकदम मुके होतात.

चित्रासाठी पिवळी-लाल-पांढरी केबल हा कमकुवत पर्याय, आणि नव्या टीव्हीला ती तोंडंही बहुतेकदा नसतात. ड्रीमकास्ट मुळातच व्हीजीएवर 480पी चित्र देतो, त्यामुळे व्हीजीए केबल किंवा त्यावरून एचडीएमआय देणारी चांगली केबल घ्या. थोडे गेम व्हीजीए नाकारतात, त्यांच्यासाठी मूळ केबल जपून ठेवा. खोकंही फाडू नका: पट्टी ब्लेडने एका कडेने कापा आणि आतली ट्रे, पिशव्या, पुठ्ठे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत ठेवा. खोक्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि दर पावसाळ्याआधी बदला. आणि यंत्र परत खोक्यात घालून ठेवलंच, तर दोन-तीन महिन्यांतून एकदा बाहेर काढून अर्धा तास चालवा, म्हणजे कपॅसिटर पुन्हा तसेच उपाशी राहणार नाहीत.