पिट्सबर्ग : टेकड्या, मनोरे आणि चॅनेल १३

पिट्सबर्गला येणारी बरीच मराठी मंडळी पेन हिल्सच्या व्यंकटेश्वराचं दर्शन घेतात, नद्यांच्या संगमावर फोटो काढतात आणि परततात. माझा आग्रह आहे की या शहरात एक दिवस टीव्हीसाठी राखून ठेवावा. स्थानिक टीव्ही केंद्रं कशी उभी राहिली, कशी बुडाली, हे इथे नुसत्या डोळ्यांनी दिसतं, कारण सगळा खेळ टेकड्यांचा आहे.

सुरुवात ड्यूकेन इन्क्लाइनने करा. १८७७ पासून चालू असलेला हा रुळांवरचा डबा वेस्ट कार्सन स्ट्रीटवरून सुमारे ४०० फूट वर नेतो. वर, माउंट वॉशिंग्टन या टेकडीवर, ग्रँडव्ह्यू अव्हेन्यूच्या कठड्याशी उभं राहिलं की समोर संगमाच्या टोकाशी गेटवे सेंटरच्या इमारती दिसतात. केडीकेए टीव्हीचं, म्हणजे चॅनेल २ चं, घर तिथेच. नदीपल्याड नॉर्थ साइडच्या टेकड्या आणि त्यांच्यावर मनोरे. त्यातली फाइनव्ह्यूची टेकडी ‘टेलिव्हिजन हिल’ म्हणूनच ओळखली जायची. चॅनेल ११ चा स्टुडिओ २००७ पर्यंत तिथे होता. जमलं तर अंधार पडल्यावर पुन्हा वर या. मनोऱ्यांवर लाल दिवे लागले की कोणती टेकडी कशाच्या आड येते, ते लगेच कळतं.

११ जानेवारी १९४९ ला इथे डब्ल्यूडीटीव्ही सुरू झालं. नावातली अक्षरं ड्यूमाँट टेलिव्हिजनची. ड्यूमाँट म्हणजे टीव्ही संच बनवणारी आणि स्वतःचं नेटवर्क चालवणारी कंपनी. उद्घाटनाचा कार्यक्रम ओकलंडमधल्या सिरिया मॉस्क या सभागृहातून झाला. ती इमारत १९९१ मध्ये पाडली, त्यामुळे शोधत फिरू नका. पूर्व किनाऱ्याची आणि मिडवेस्टची केंद्रं कोअॅक्सियल केबलने जोडली गेली, तीही याच दिवशी.

पुढचा काळ विलक्षण आहे. केंद्रं एकमेकांच्या लहरींत घुसू लागली, म्हणून १९४८ च्या सप्टेंबरअखेर अमेरिकी सरकारने नवे परवाने थांबवले, ते थेट एप्रिल १९५२ पर्यंत. तोवर एवढ्या मोठ्या पोलादनगरीत केंद्र एकच! सगळ्या नेटवर्कांचे कार्यक्रम त्याच एका चॅनेलवर दाटीवाटीने लागायचे, आणि पाळीवरून परतणाऱ्या पोलाद कारखान्यांतल्या कामगारांसाठी मध्यरात्रीनंतर सिनेमे. ड्यूमाँटची ही दुभती गाय होती. १९५४ च्या अखेरीस तिने ती वेस्टिंगहाउसला ९७.५ लाख डॉलरला विकली आणि लवकरच ड्यूमाँटचं नेटवर्कच संपलं. माझ्या मते या शहराच्या टीव्हीच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हा सौदाच. ३१ जानेवारी १९५५ पासून नाव झालं केडीकेए टीव्ही. मिसिसिपीच्या पूर्वेला केंद्राचं नाव सहसा ‘डब्ल्यू’ने सुरू होतं. केडीकेएचा ‘के’ त्याच्या १९२० च्या रेडिओ केंद्राकडून आलेला, त्या नियमाच्या आधीचा.

परवाने सुटल्यावरही चॅनेल का मिळेनात? या भागात एकाच नंबरच्या दोन व्हीएचएफ (म्हणजे २ ते १३ नंबरच्या) केंद्रांत १७० मैल आणि शेजारच्या नंबरांत ६० मैल अंतर लागायचं. जॉन्सटाउनला ६, व्हीलिंगला ७, स्टूबेनव्हिलला ९, क्लीव्हलंडला ३ दिल्यावर पिट्सबर्गला उरले २, ११ आणि १३; ४ मागाहून आला. त्यातला १३ शिक्षणासाठी राखीव, आणि ११ साठी अर्जदारांची भांडणं, म्हणून ते केंद्र १ सप्टेंबर १९५७ ला उगवलं. चॅनेल ४, म्हणजे डब्ल्यूटीएई, १४ सप्टेंबर १९५८ ला.

मधल्या पोकळीत दोघांनी यूएचएफवर, म्हणजे १४ आणि त्यापुढच्या नंबरांवर, नशीब आजमावलं. चॅनेल ५३ वर्षभरात, १९५४ मध्ये, बंद पडलं. चॅनेल १६ ने १९५७ पर्यंत तग धरला. कारणं माउंट वॉशिंग्टनवरून उतरण्याआधी समजून घ्या. घरातल्या संचावर २ ते १३ एवढेच आकडे, म्हणजे वेगळा कन्व्हर्टर विकत घ्या. लहर आखूड, ती टेकडीला वळसा घालून पलीकडे फारशी उतरत नाही. पाठीमागे वळून दक्षिणेच्या दऱ्यांतली वस्ती पाहा, उत्तरेचा मनोरा तिथून दिसतच नाही. त्यात छपरावरून आणलेली चपटी दोन तारांची वायर पावसात भिजली की यूएचएफचा बराचसा सिग्नल वाटेतच जिरायचा.

उतरून ओकलंड गाठा. बेचाळीस मजली कॅथेड्रल ऑफ लर्निंगपासून फिफ्थ अव्हेन्यूने पूर्वेला पंधरा-वीस मिनिटं चाललं की डब्ल्यूक्यूईडीची, म्हणजे चॅनेल १३ ची, काँक्रीटची इमारत येते. हे केंद्र १ एप्रिल १९५४ ला सुरू झालं. लोकवर्गणीवर उभं राहिलेलं अमेरिकेतलं हे पहिलं शैक्षणिक केंद्र. घरोघरी दोन-दोन डॉलर मागितले होते. (ही इमारत मात्र १९७० ची.) पुढे मुलांच्या कार्यक्रमामुळे प्रसिद्ध झालेले फ्रेड रॉजर्स या केंद्रावर ‘चिल्ड्रन्स कॉर्नर’ या मुलांच्या कार्यक्रमासाठी पडद्यामागे बाहुल्या हलवायचे. पैसे नव्हते, प्रक्षेपण थेट, आणि फुकट मिळालेल्या फिल्म मध्येच तुटायच्या. मग बाहुली बोलून वेळ भरून काढायची. सेटमागे धावताना चामडी बुटांचा आवाज माइकमध्ये येई, म्हणून त्यांनी कॅनव्हासचे बूट घातले. पुढे त्यांच्या ‘मिस्टर रॉजर्स’ नेबरहूड’मध्ये (१९६८ ते २००१) रोज बूट बदलण्याचा जो विधी झाला, त्याचं मूळ हे. नॉर्थ शोअरवरच्या पुतळ्यातही ते बुटाची नाडी बांधताना दिसतात. डाउनटाउनच्या गेटवे स्टेशनवरून टी रेल्वेने नॉर्थ साइडला उतरा, एवढ्या टप्प्याला तिकीट लागत नाही.

स्ट्रिप भागातल्या हाइन्झ हिस्टरी सेंटरमध्ये त्या कार्यक्रमाच्या मूळ सेटचे भाग आहेत. त्यातल्या बाहुली-राजाचा किल्ला पडद्यावर वाटतो त्याहून फारच छोटा.

मुक्काम कोणाच्या घरी असेल तर अँटेना जरूर लावून पाहा. आता २ चं चित्र प्रत्यक्षात यूएचएफ २५ वरून येतं, त्याला छोटी गोल लूप पुरते. १३ मात्र व्हीएचएफ ४ वरून येतं. तिथे अर्धी लहर सुमारे २.२ मीटर, म्हणजे दोन कांड्यांच्या अँटेनाच्या दोन्ही कांड्या पूर्ण, जवळजवळ मीटरभर ओढाव्या लागतात. पुठ्ठ्यासारखी चपटी अँटेना इथे हमखास फसते. कांड्या आडव्या पसरा, खिडकीशी ठेवा, जवळचे एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करा, कारण त्यांचा खरखराट नेमका याच पट्ट्यात पडतो. मग चॅनेल पुन्हा स्कॅन करा. टीव्हीवर आकडा १३ च दिसेल.