टाचणीएवढी पकड

गेल्या मे महिन्यात बाबा पहिल्यांदा इकडे आले. ऑक्सफर्डच्या हाय स्ट्रीटवर बोटॅनिक गार्डनच्या दारासमोर एक छोटी गुलाबबाग आहे आणि तिथे एक दगड बसवलाय. पेनिसिलिन माणसाच्या उपयोगी आणणाऱ्या इथल्या संशोधकांच्या स्मरणार्थ. कॉलेजांच्या इमारती बघून दमलेले बाबा त्या दगडापाशी आले, वाकून अक्षरं वाचली आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

आजोबा पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला हा सरकारी कारखाना, देशात पेनिसिलिन बनवायला निघालेला. बाबांचं सगळं लहानपण एच. ए. कॉलनीत गेलं. आमच्या घराची भाकरी ज्या औषधावर चालली, ते इथे, या गावात, आधी उंदरांवर आणि मग 1941च्या फेब्रुवारीत एका पोलीस शिपायावर वापरून बघितलं गेलं. औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून परत गाळून काढून पुन्हा त्यालाच देत होते. तो सुधारला, मग औषध संपलं आणि तो गेला. बाबांना हे ठाऊक नव्हतं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मग मी त्यांना इथल्याच शास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिनची गोष्ट सांगितली, कारण माझं काम तिच्याशी जोडलेलं आहे. पेनिसिलिन काम करत होतं, पण त्याचा रेणू दिसतो कसा यावर मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांत वाद होता. हॉजकिनबाईंनी त्याच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले, फिल्मवर उमटलेले ठिपके मोजले आणि 1945 साली दाखवून दिलं की त्यात चार अणूंचं एक ताणलेलं कडं आहे. त्याच कड्यात औषधाचा जोर आहे. त्याच्याही आधी, 1935 साली, त्यांनी इन्सुलिनचा पहिला क्ष-किरण फोटो काढला होता, पण त्याची रचना उलगडायला 1969 उजाडलं. चौतीस वर्षं! त्या शेवटच्या टप्प्यात त्यांच्या गटात एम. विजयन होते, जे नंतर बंगळुरूला नावाजले, आणि टॉम ब्लंडेल होते. याच ब्लंडेलनी 1999 साली दोन सहकाऱ्यांसह केंब्रिजला अ‍ॅस्टेक्स नावाची कंपनी काढली आणि ‘तुकड्यांपासून औषध’ ही पद्धत हाताशी धरली. मी आज जे करते ते हेच.

आत्या फोनवर दरवेळी विचारते, "अगं, तू नक्की करतेस तरी काय?" तिला सांगते तसंच इथे सांगते.

औषध म्हणजे शरीरातल्या किंवा जंतूतल्या एखाद्या प्रथिनाला नेमक्या जागी चिकटणारा रेणू. तो शोधायची रूढ रीत अशी, की लाखो तयार रेणू घ्यायचे, यंत्रमानवांकडून एकेक करून प्रथिनावर टाकायचे आणि कुठला चिकटतो ते बघायचं. तयार कपड्यांच्या दुकानात लाख ब्लाउज घालून बघण्यासारखं. त्यातून औषधं मिळाली आहेत, पुष्कळ मिळाली आहेत. पण कित्येक प्रथिनांना त्या लाखांतलं एकही नीट बसत नाही. म्हणून आम्ही उलट बाजूने जातो. अगदी चिमुकले रेणू घेतो, औषधाच्या निम्म्याहून लहान. असे हजाराच्या आसपास पुरतात. ते चिकटतात फार कच्चे, जरा हलवलं की सुटतील असे. पण लहान असल्यामुळे कोपऱ्याकोपऱ्यात शिरतात, आणि कुठे टेकले ते आम्हाला डोळ्यांनी दिसतं. मग त्या टेकलेल्या तुकड्याला अणूंचा एकेक गट जोडत, दोन शेजारचे तुकडे सांधत, रेणू मापाने वाढवायचा.

आत्या ब्लाउज शिवते. ती म्हणाली, "म्हणजे आधी टाचण्या लावून बघायचं आणि मग शिलाई मारायची." इतकं नेमकं मला कुठल्याही भाषणात ऐकायला मिळालेलं नाही.

हे डोळ्यांनी बघायचं ठिकाण म्हणजे डिडकॉट स्टेशनपासून बसने गाठता येणारं हार्वेल. तिथे शेतांच्या मधोमध डायमंड लाइट सोर्स नावाची चांदीच्या कड्यासारखी इमारत आहे. आतल्या नळीचा घेर 561.6 मीटर. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि वळताना प्रखर क्ष-किरण सोडतात. आमचं प्रथिन क्षयरोगाच्या जंतूतलं आहे. त्याचे स्फटिक वाढवायला आठ महिने लागले, आणि एकेक स्फटिक केसाच्या जाडीएवढा.

तिथल्या प्रयोगशाळेतलं मला सगळ्यात आवडणारं यंत्र आवाजाने थेंब उडवतं. ताटलीच्या खालून ध्वनिलहर सोडली की वरच्या द्रवातून अडीच नॅनोलिटरचा थेंब उडतो आणि नेमका स्फटिकाशेजारी जाऊन बसतो. एक मिलिलिटरचे असे चार लाख थेंब होतील. सुई नाही, स्पर्श नाही, त्यामुळे स्फटिकाला धक्का लागत नाही. प्रत्येक थेंबात वेगळा तुकडा. तासाभराने सूक्ष्मदर्शकाखाली एकेक स्फटिक इवल्याशा फासात उचलायचा आणि लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचा, वजा 196 अंशाला. पुढे यंत्रमानव तो किरणांसमोर धरतो, आणि दिवसाला शेकडो स्फटिक तपासून होतात.

पहिल्या खेपेला माझे बहुतेक सगळे स्फटिक विरघळले. तुकडे ज्या द्रावकात असतात ते आमच्या प्रथिनाला किती सोसतं याचा अंदाज मी चुकवला होता. ताटलीत रात्री जिथे धारदार कडा होत्या तिथे सकाळी नुसतं पाणी. आठ महिन्यांचं काम होतं. त्या दिवशी मी डिडकॉटच्या फलाटावर बसून रडले. दुसऱ्या खेपेला द्रावक निम्मं केलं, थांबायचा वेळ कमी केला आणि स्फटिक टिकले.

कच्चा चिकटलेला तुकडा दिसणं सोपं नसतं. एका स्फटिकात त्याच प्रथिनाच्या असंख्य प्रती असतात; त्यांतल्या बहुतेक जागा रिकाम्याच असतात, थोड्याच जागी तो बसलेला असतो. देवळातल्या आरतीत एका माणसाचा आवाज ओळखावा तसं. त्यावर 2017 साली इथल्याच मंडळींनी तोड काढली: बऱ्याच रिकाम्या स्फटिकांचं सरासरी चित्र काढायचं आणि ते समोरच्या चित्रातून वजा करायचं. उरतो तो तुकडा. पहाटे चारच्या सुमारास पडद्यावर पहिला हिरवा डाग उमटला, दोन कड्यांचा, बाजूला एक शेपूट. प्रथिनाच्या खाचेत आडवा पडलेला. मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

या रीतीने खरीखुरी औषधं निघाली आहेत. 2011 साली मंजूर झालेलं वेमुराफेनिब हे पहिलं, त्वचेच्या कर्करोगावरचं. रक्ताच्या कर्करोगावरचं व्हेनेटोक्लॅक्स 2016 साली आलं आणि त्याची मुळं 1996च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या कामात आहेत. म्हणजे वीस वर्षं. पद्धत नवी म्हणून वेळ वाचतोच असं नाही, हे घरच्यांना समजावणं अवघड जातं. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहांपैकी नऊ तरी मध्येच गळतात.

2020च्या सुरुवातीला इथेच करोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएजवर, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या त्याच्या प्रथिनावर, बाराशेहून जास्त तुकडे टाकून बघितले आणि निकाल लगेच सगळ्या जगासाठी खुले केले. त्यावरून ‘कोविड मूनशॉट’ हा औषध शोधायचा खुला प्रकल्प उभा राहिला. जगभरातून 18,000हून जास्त रेणूंची रेखाटनं आली, 2,400हून जास्त प्रत्यक्ष बनवले गेले, त्यातले पुष्कळसे किव्हमध्ये. सगळी माहिती उघडी. मला वाटतं, खरी नवी गोष्ट यंत्रापेक्षा हा मोकळेपणा आहे. बंद तिजोरीत ठेवलेल्या तुकड्याचा आमच्यासारख्या गटाला काय उपयोग?

आता सगळे विचारतात, एआय आल्यावर तुझं काम राहणार का? अल्फाफोल्डने वीस कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचनांचा अंदाज मांडलाय आणि त्यामागच्यांना 2024चं नोबेल मिळालं. मीही तो रोज वापरते, स्फटिक कसा वाढवायचा ते ठरवायला. पण आमच्या प्रथिनाची एक कड तुकडा बसल्यावर सरकते, आणि हे आधी कुठल्याही अंदाजात नव्हतं. ते स्फटिकानेच दाखवलं.

क्षयरोगच का, असं बाबांनी त्या बागेत विचारलं. मी त्यांना कॉलनीतल्या शेजारच्या काकूंची आठवण दिली. औषधांना न जुमानणारा टीबी झाला, महिनोन्‌महिने इंजेक्शनं घेतली आणि त्यातून काकू वाचल्या, पण त्यांना ऐकू येईनासं झालं. कानातल्या नाजूक पेशी मरतात त्या इंजेक्शनांनी, आणि त्या परत येत नाहीत. पुढे मी सुट्टीत गेले की त्या माझ्या ओठांकडे बघत बसायच्या. मग 2012 साली बेडाक्विलिन आलं, नव्या प्रकारचं टीबीचं औषध, चाळीसहून जास्त वर्षांनी. आता गोळ्यांवर भागतं बऱ्याच जणांचं. पण जंतू त्यालाही सरावायला लागलाय, म्हणून पुढचं हाताशी हवं.

आमच्या त्या खाचेत आतापर्यंत सात तुकडे बसलेले दिसलेत. त्यातले दोन एकमेकांच्या इतके जवळ आहेत की मध्ये तीन अणू बसतील. तो सांधलेला रेणू माझा सहकारी या आठवड्यात बनवतोय. पुढच्या गुरुवारी रात्रपाळी आहे आणि नायट्रोजनचं भांडं बुधवारीच भरून ठेवायचंय.